सासूबाईंच्या चमच्याचा मुलामा

गळाचं पितळी आमिष चांदीसारखं चकाकलं नाही तर तळ्यातला मासा ढुंकूनही बघत नाही, हे उर्पोच्या डोक्यात कुणी भरवलं देव जाणे. बरं, मुलामा घरीच चढवायचा! (माणसाला हौस असावी, पण बायको घराबाहेर असताना नसावी.) त्याची बायको आयला आपल्या आईला आणायला बसस्थानकावर गेली होती.

उर्पोनं सौनात, म्हणजे घरामागच्या वाफेच्या न्हाणीघरात, बस्तान मांडलं. बरणीत द्रावण, शेजारी बॅटरी, एका तारेला आमिष. दुसऱ्या तारेला चांदी हवी होती, म्हणून त्यानं आयलाच्या माहेरचा कॉफीचा चमचा अडकवला. सासूबाई आल्या की हे चमचे हटकून बाहेर निघायचे. पण एखादा थोडासा झिजला तर कुणाला कळतंय?

आमिष राखेनं घासायचं आणि मग त्याला बोट लावायचं नाही, हा नियम त्याला पाठ होता. घासलंही त्यानं. मग लोणी-अंडं थापलेली पिराक्का, म्हणजे भात भरलेली पुरी, खाता खाता त्याच हातानं तारेला अडकवलं.

थोड्या वेळानं आमिषात उर्पोला स्वतःची मिशी दिसली. चमचा मात्र पिवळाधमक झाला होता. त्यानं तो बाहीला घासून पाहिला, पण पिवळेपणा जाईना. पितळेचा रंग चमच्याला लागला की काय?

इतक्यात मायलेकी आल्या. कॉफीला बसल्यावर उर्पोनं तो चमचा स्वतःच्याच कपात बुडवला आणि ढवळत राहिला. पिण्याचं नाव नाही.

"जावईबापू, साखर विरघळवताय की कप?" हेल्वीबाईंनी विचारलं.

उर्पोनं मान खाली घालून सगळं कबूल केलं. आयला रडायच्या बेतात आली. तिच्या माहेरची तेवढीच एक आठवण होती. हेल्वीबाईंनी चमचा न्याहाळला आणि त्या डोळे पुसत हसू लागल्या.

"अगं, पितळच आहे हे. लग्नाआधी तुझ्या बाबांनी गुपचूप मुलामा चढवला होता. मला पहिल्याच आठवड्यात कळलं, पण बोलले नाही. फार हौसेनं केलं होतं गं त्यांनी."

आयलानं तो पिवळा चमचा आईच्या हातून घेतला आणि जपून बाजूला ठेवला. उर्पोचा जीव भांड्यात पडला. मग तोऱ्यात तो दोघींना गोठलेल्या तळ्यावर घेऊन गेला आणि बर्फातल्या भोकात आमिष सोडलं. एक झटका बसला, मासा निसटला. आमिष वर आलं तेव्हा चांदी कांद्याच्या सालीसारखी सुटली होती आणि मधोमध अंगठ्याएवढं पितळ उघडं पडलं होतं.

"सासरेबुवांचा मुलामा इतकी वर्षं कसा हो टिकला?" उर्पोनं रडवेल्या आवाजात विचारलं.

सासूबाईंनी आमिष नाकाशी नेऊन हुंगलं.

"ते खाल्ल्यावर हात धुवायचे."