कपाटातलं जॅकेट

जावई अभिराम जेवायला येणार म्हणून सुभाषरावांनी कपाट उघडलं. अभिरामने दिलेलं, डोंगर चढणारे घालतात तसलं भारी जॅकेट जागेवर नव्हतं.

"अगं चारू, माझं जॅकेट?"

"बोहारणीला दिलं," चारुलताबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "दोन हिवाळे घडी मोडली नाहीत. म्हटलं, नकोय तुम्हाला. केवढं पातेलं आलं बघा!"

चांगली वस्तू वापरून खराब करायची नाही, हा सुभाषरावांच्या घराण्याचा कुळाचार. म्हणून जॅकेट मिळालं तेव्हाच त्यांनी जुईनगर स्टेशनाबाहेरून हुबेहूब तसंच, छातीवर तोच डोंगराचा छाप असलेलं डुप्लिकेट आणलं होतं. दोन्ही पलंगावर शेजारी ठेवून तासभर कौतुकाने न्याहाळली. मग अस्सल गेलं डांबराच्या गोळ्यांत आणि डुप्लिकेट घालून ते रोज सकाळी फिरू लागले. "आतून धागे टोचतात गं. फुटपाथचा माल तो फुटपाथचाच!" असं कुरकुरतही. निम्मं नेरूळ हल्ली डोंगर मिरवत भाजीला जातं, कुणाला काय कळतंय! पण अभिरामला कळलं असतं. आपण दिलेलं सासऱ्यांना काहीच आवडत नाही, असं त्याने आधीच मनात घेतलं होतं.

सुभाषराव खाली धावले, तर बोहारीण गोजरा गेटपाशीच भेटली.

"पातेलं आना, जाकीट न्या," ती म्हणाली.

सुभाषरावांनी वर फोन लावला.

"पातेल्यात बासुंदी आटतेय!" चारुलताबाई कडाडल्या.

झालं! सुभाषराव वर जाऊन रोजचं, बाह्या मळलेलं जॅकेट घेऊन आले. गोजराने ते उलटं केलं, चेन ओढली, कापड चिमटीत धरलं. मग कपाटातलं परत दिलं आणि वर एक स्टीलची वाटीही दिली.

"ही कशाला?"

"असू द्या, सायेब. तुमचं मन मोडवत न्हाई."

फसली बिचारी, असं म्हणत सुभाषराव जॅकेट चढवून घरी आले.

अभिराम आल्या आल्या खूश झाला. "बाबा, आतला खिसा बघितलात की नाही? तुमच्या लेकीने, ऋताने, दोऱ्याने तुमचं नाव भरलंय त्यावर."

सुभाषरावांनी आत हात घातला. आत खिसाच नव्हता. टोचणारे धागे कसले होते आणि गोजराने वर वाटी का दिली, ते त्यांना आत्ता उमगलं.

अभिरामचा चेहरा पडला. "दिलंत ना कुणाला? नव्हतं आवडलं तर सांगायचं."

"काय बोलता, जावईबापू! दोन हिवाळे रोज तेच घातलं हो!" सुभाषराव कळवळून म्हणाले.

सकाळपासून ते पहिल्यांदाच खरं बोलत होते. अभिरामने त्यांच्या अंगावरच्या कोऱ्या करकरीत जॅकेटकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे. चारुलताबाईंनी नव्या वाटीत त्याला बासुंदी वाढली.