मिरची कार्यालयात, कासव दवाखान्यात

त्या घरात फ्रिजच्या दाराला जो मान होता, तो वडीलधाऱ्या माणसांनाही नव्हता. दारावर चार रकाने आखलेले होते : शाळा, दवाखाना, कार्यालय आणि मैदान. प्रत्येक रकान्याखाली त्या दिवशीची वेळ लिहिलेली असे, आणि ज्याने जेथे जायचे त्याचे चुंबक तेथे चिकटवलेले असे. चुंबकांची वाटणी नऊ वर्षांच्या नातीने केली होती. आजोबांना कासव, आजीला मिरची, बाबांना शिट्टी आणि आईला मुंगी.

“मलाच मेलीला मिरची का गं?” असे आजीने विचारले होते.

“याहून तिखट काही दुकानात नव्हतं,” असे नातीने निरागसपणे सांगितले होते.

ही व्यवस्था होती कोचीणबाईंची. वस्तुतः त्या शहराच्या बस आगारात सहायक वेळापत्रक अधिकारी होत्या. एकशे बारा गाड्यांनी केव्हा सुटावे आणि केव्हा परतावे, हे त्यांच्या टेबलावर ठरत असे. परंतु यजमान फुटबॉलचे प्रशिक्षक. त्यामुळे सारी गल्ली त्यांना कोचीणबाई म्हणे. त्यांची त्याविषयी तक्रार नव्हती. बावीस खेळाडूंचे चिखलाने माखलेले मोजे त्या वीस वर्षे निष्ठेने धूत आल्या होत्या. नवऱ्याचा संघ हरला की त्या दिवशी त्यांनाही जेवण गोड लागत नसे. मात्र आपल्यालाही कधीतरी कोणी आपल्या हुद्द्याने हाक मारावी, एवढी एक इच्छा त्यांच्या मनाच्या कोपऱ्यात घडी घालून ठेवलेली होती.

पूर्वी घरून त्यांना कार्यालयात दिवसाला सतरा फोन येत. “माझा चष्मा कुठंय?” “आज दवाखान्यात कोणी जायचंय?” “अगं, माझी शिट्टी?” शेवटी एके दिवशी त्यांनी निक्षून सांगितले, “मला विचारायचं नाही. फ्रिजला विचारायचं. तो सांगेल ते करायचं, आणि उलट प्रश्न करायचा नाही.” तेव्हापासून त्या घरात फ्रिजचे वचन श्रुतीप्रमाणे प्रमाण मानले जाऊ लागले. श्रुतीवर भाष्ये तरी लिहिली जातात. फ्रिजवर तीही लिहिली जात नसत.

त्या दिवशी दुपारी तीन वाजता कोचीणबाईंची मुलाखत होती. वेळापत्रक विभागाच्या प्रमुखपदासाठी ही त्यांची तिसरी खेप. मागच्या दोन्ही खेपांना काम, अनुभव, हुशारी सगळे नावाजून झाल्यावर मंडळाच्या अध्यक्षांनी एकच प्रश्न विचारला होता, “पण बाई, घर सांभाळून हे जमेल का?” आणि दोन्ही खेपांना उत्तर द्यायच्या नेमक्या क्षणी घरून फोन आला होता.

म्हणून यंदा त्यांनी आदल्या रात्रीच सगळी मांडणी केली. तीन वाजता कासव शाळेत, नातीला आणायला. मिरची दातांच्या दवाखान्यात, कारण सासूबाईंची दाढ काढायची होती. शिट्टी मैदानावर आणि मुंगी कार्यालयात. सकाळी सहाला, घर जागे होण्यापूर्वीच, त्या निश्चिंत मनाने बाहेर पडल्या.

साडेसहाला कोच पाणी प्यायला उठले. त्या दिवशी त्यांच्या संघाचा उपांत्य सामना होता आणि प्रतिपक्षाचा डाव्या बाजूचा एक खेळाडू त्यांच्या स्वप्नात येऊन तीन वेळा गोल करून गेला होता. फ्रिजचे पांढरेशुभ्र दार पाहताच त्यांच्या डोक्यात मैदान उभे राहिले. त्यांनी मिरचीला पुढे काढले, कासवाला मागे ओढले, मुंगीला बगलेतून पळवले, आणि पंधरा मिनिटांत त्या डाव्या खेळाडूचा पुरता बंदोबस्त केला. मग भानावर आले. चुंबके मूळ जागी कोठे होती, हे त्यांना आठवेना.

शिट्टी मैदानावर, एवढे निर्विवाद होते. उरलेल्या तिघांसाठी त्यांनी पत्नीला फोन करायला हवा होता. परंतु फोन करण्याची बंदी होती. तेव्हा त्यांनी आयुष्यभर जे केले तेच केले. ज्याच्या अंगी जो गुण, त्याला ती जागा दिली. मिरची म्हणजे आक्रमण. जेथे भिडायचे असते ते ठिकाण म्हणजे कार्यालय. कासव संथ आणि वयोवृद्ध. अशा खेळाडूचे स्थान डॉक्टरपाशी. आणि कोठेही धावत वेळेवर पोचणारी अशी घरात एक मुंगीच होती, ती शाळेत. मांडणी डोळ्यांखालून घालून कोच समाधानाने मैदानाकडे गेले.

अडीच वाजता सासूबाईंनी फ्रिजपुढे उभे राहून चष्मा लावला. दाढ काढण्याची तारीख त्यांनी आजवर चार वेळा पुढे ढकलली होती. मिरची दवाखान्यातून निघून कार्यालयात गेलेली पाहून त्यांनी मनोमन हात जोडले.

“अहो, दवाखान्यात आज तुम्ही आहात.”

“मी?” सासरे म्हणाले. “माझ्या तोंडात स्वतःचा एक तरी दात आहे का?”

“उलट प्रश्न करायचा नाही, असं ठरलंय ना आपलं?”

“पण ते काढणार काय?”

“ते डॉक्टर बघतील. ते शिकलेत त्याकरता,” असे म्हणून सासूबाईंनी ठेवणीतली शाल अंगावर घेतली आणि दाढ चोळत, पण हसतमुखाने, आगाराचा रस्ता धरला.

इकडे मुलाखत रंगात आली होती. लांब मेजाच्या पलीकडे अध्यक्ष आणि दोन सदस्य बसले होते. कोचीणबाईंची उत्तरे वेळेवर सुटणाऱ्या गाड्यांप्रमाणे एकामागून एक येत होती. अखेरीस अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. हा चष्मा कोणत्या प्रश्नापूर्वी पुसला जातो, हे कोचीणबाईंना पक्के ठाऊक होते.

“सगळं उत्तम आहे. पण बाई, घर सांभाळून...”

“साहेब,” त्या ताठ बसून म्हणाल्या, “माझं घर आगारापेक्षा वेळेवर चालतं. चार महिन्यांत घरून मला एकही फोन आलेला नाही.”

अध्यक्षांची भुवई कौतुकाने वर गेली. तेवढ्यात दार ढकलून शिपाई आत आला.

“साहेब, बाहेर बाईंच्या सासूबाई आल्यात. म्हणतात, त्यांनाही तीनचीच वेळ दिलीय.”

कोणी काही म्हणण्यापूर्वी सासूबाई आत येऊन खुर्चीवर स्थानापन्न झाल्या. “चालू द्या तुमचं,” त्या म्हणाल्या.

“आई!” कोचीणबाईंच्या तोंडून कसेबसे निघाले. “तुम्ही दवाखान्यात...”

“मिरची इथं होती. मी आले.”

अध्यक्षांना या वाक्याचा अन्वय लागेना. लागण्यापूर्वी त्यांच्या मेजावरचा फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला आणि त्यांचा चेहरा क्रमाक्रमाने बदलत गेला.

“कोण? दातांचा दवाखाना?... हो, आहेत इथं... काय म्हणता? दोन्ही कवळ्या काढून टेबलावर ठेवल्यात? आणि तरी म्हणताहेत दाढ काढा?... कोणाची आज्ञा? फ्रिजची?”

त्यांनी तो फोन हातात धरलेला असतानाच शिपाई पुन्हा डोकावला. “बाई, तुमच्या टेबलावर शाळेचा फोन आलाय. पोरगी फाटकाशी उभीय म्हणे. घ्यायला कोणीच नाही आलं.”

चौदा वर्षांची नोकरी, दोन नकार आणि आताची ही तिसरी खेप, सगळे एका क्षणात कोचीणबाईंच्या डोळ्यांपुढे तरळून गेले. आता रडून काही होणार नव्हते. त्या उठल्या.

“साहेब, मला दोन मिनिटं द्या,” म्हणून त्यांनी फोन हातात घेतला. “बाबा, ऐका. आधी कवळ्या लावा. लावल्यात? आता बाहेर या. समोरच्याच थांब्यावर तीन बावीसला चौदा नंबर येईल. ती पकडा. दुसऱ्या थांब्यावर उतरा, तीन एकतीसला शाळेच्या फाटकाशी असाल. नाही, रिक्षा नको, बसची मार्गिका तेवढी मोकळी आहे, बाकीचा रस्ता खोदलाय, चाळीस मिनिटं लागतील.” मग शिपायाकडे वळून, “शाळेला सांगा, आजोबा तीन एकतीसला पोचतील. तोवर तिला वाचनालयात बसवा.”

एका सदस्याने भिंतीवरच्या तक्त्यात बोट फिरवून पाहिले. चौदा नंबर, तीन बावीस. “आणि गाडी उशिरा आली तर?” त्याने विचारले.

“येणार नाही, सर. त्या फेरीच्या चालकाची सुट्टी चारला होते. तो वेळेआधी येईल, पण उशिरा नाही.”

सदस्याने काहीतरी टिपून घेतले. अध्यक्ष मात्र अजून आपल्या प्रश्नापाशीच घुटमळत होते. “ते ठीक. पण हे असं रोज झालं, तर घराकडे कोण...”

“थांबा हो जरा,” सासूबाई म्हणाल्या. इतका वेळ त्या दाढ धरून बसल्या होत्या. “माझ्या मुलाला संघ दिला ना, तेव्हा मी होते तिथं. त्याला कोणी विचारलं नाही, की बाबा रे, घर सांभाळून जमेल का म्हणून. आणि त्याला जमत नाहीच्चे! वीस वर्षं झाली, त्याचं घर ही सांभाळतेय, त्याच्या संघाचे मोजेसुद्धा. जिला दोन सांभाळता येतात तिला विचारताय? काय म्हणावं तुम्हाला!”

अध्यक्षांनी पुसलेला चष्मा पुन्हा पुसला. त्यांच्या स्वतःच्या घरी कोण काय सांभाळते, याचा हिशोब त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटला असावा, कारण दोन्ही सदस्य खाली पाहून हसू दाबू लागले. तीन बत्तीसला शाळेतून निरोप आला, आजोबा पोचले. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले आणि कागदावर सही केली.

“सोमवारपासून,” ते म्हणाले, “अभिनंदन, वेळापत्रक प्रमुख.”

ती हाक कोचीणबाईंनी पुनःपुन्हा मनात ऐकली, घरी पोचेपर्यंत.

घरी कोच हरलेल्या सेनापतीसारखे बसले होते. सामना जिंकला होता. पण झाला प्रकार वडिलांकडून कळला होता. “माझ्यामुळे तुझं गेलं,” ते पुटपुटले. “मी आपलं ज्याला त्याला त्याच्या जागेवर...”

“गेलं नाही. मिळालं.”

कोच ताडकन उठले. ज्या आनंदाने ते गोल झाल्यावर उडी मारत, त्याच आनंदाने त्यांनी उडी मारली. त्या धपक्याने वैतागून वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी काठीही आपटली. मग त्यांच्या लक्षात आले. “म्हणजे आता तू सातपर्यंत तिकडंच?”

“हो.”

“मी आता शाळेत जाणार नाही,” सासरे कोपऱ्यातून म्हणाले. “आणि दवाखान्यात तर मुळीच नाही.”

सासूबाईंनी मुलाकडे नुसते पाहिले. त्या पाहण्यात निकाल होता. बावीस खेळाडूंच्या बुटांची मापे तोंडपाठ असलेल्या त्या निष्ठावंत माणसाने खूप वेळ डोके खाजवले आणि हळूच विचारले, “आपल्या पोरीची शाळा नक्की कुठल्या रस्त्याला आहे गं?”

सोमवारी वेळापत्रक प्रमुख नव्या खुर्चीत बसल्या. चार वाजता नव्या मेजावरचा फोन पहिल्यांदा वाजला. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या.

“तुमच्याकडचं कोणी येऊन घेऊन जाईल का हो?”

“मिस्टर आले नाहीत?” त्या खुर्चीवरून उठल्याच. “मुलगी अजून फाटकाशीच आहे?”

“ती केव्हाची दप्तर पाठीला लावून उभी आहे बिचारी. मिस्टरही तीनलाच आलेत. तेव्हापासून चाळीस मुलांना घेऊन पटांगणात पळताहेत, एकही मूल घरी जायला तयार नाही, आणि फाटकाबाहेर सगळ्यांचे आईबाप खोळंबलेत. मी तुमच्या मुलीबद्दल नाही म्हणत, बाई. तुमच्या मिस्टरांना घेऊन जा.”