गॅलरीतला काटेतारा

भाषणाची तालीम बायकोसमोर केली, हीच कुरण अधिकाऱ्यांची मूळ चूक. उद्या खात्याच्या वार्षिक सभेत, थेट संचालकसाहेबांपुढे, त्यांना पहिल्यांदाच बोलायला मिळणार होतं. बारा वर्षं कुरणं तुडवल्यावर आलेली ही संधी होती. ती हुकली तर पुढची बारा वर्षंही तुडवण्यातच जाणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"काटेतारा!" त्यांनी चित्र उंचावलं. "पिवळं फूल, फुलाखाली ताऱ्यासारखे काटे. गुरं तोंड लावत नाहीत. मूळ इतकं खोल, की आजूबाजूच्या गवताच्या वाटचं पाणी पिऊन टाकतं. सुदैवाने शहरात हे तण अजून शिरलेलं नाही."

"अहो, शिरलंय की," बायको मटार सोलता सोलता म्हणाली. "गॅलरीत, तिसरी कुंडी. रोज सकाळी तुम्हीच तर पाणी घालता."

अधिकारी गॅलरीत धावले. वाळक्या पानाच्या चुऱ्यावरून तण ओळखणारा हा माणूस तीन महिने चहाचे घोट घेत त्याच तणाची सेवा करत होता!

"आणलंस कुठून हे?"

"मी कशाला आणू? कुरणातून येताना तुमच्याच मोज्यांना बिया चिकटलेल्या असतात. मी मोजे कुंडीत झटकते. घरात कचरा नको."

"उपटतो आत्ताच. कुणाला कळायला नको."

"आणि शेजारच्या काकूंचं? रोपं ढीगभर आली होती, वाटली मी."

अधिकारी शेजारी पोचताच काकूंनी कुंडी पोटाशी धरली. "याला हात लावायचा नाही! माझा गुलाब गेला, शेवंती गेली. त्यांच्याच वाफ्यातलं हे एकटं गुणी बाळ तगलंय. ते जगावं म्हणून कुंडीत हलवलं."

"काकू, त्यानेच मारलं त्यांना!"

"एवढंसं तर आहे. उगाच आळ घेऊ नका."

काकूंनी एक रोप नणंदेला दिलं होतं, नणंदेने दाताच्या डॉक्टरणीला, आणि डॉक्टरणीने संचालकसाहेबांच्या बायकोला. हे ऐकताच अधिकाऱ्यांनी चपला चढवल्या. बायकोला घेऊन ते तडक साहेबांच्या बंगल्यावर गेले.

साहेब अंगणात पिवळ्या फुलांपाशीच उभे होते. "बरं झालं आलात! कसलं हो हे झाड? भलतंच गोड आहे."

एक 'माहीत नाही' म्हटलं असतं तर सगळं निभावून गेलं असतं. पण ओळखलेलं तण ओळखत नाही म्हणणं अधिकाऱ्यांच्या जिवावर आलं.

"काटेतारा आहे, साहेब. माझ्या मोज्यांतून आलाय."

साहेबांचा चेहरा उतरला. "अजून कुठे कुठे पोचलाय?"

अधिकाऱ्यांच्या मागून बायको म्हणाली, "मी सांगते ना. शाळेच्या फाटकाशी दोन, शिंपीणबाईंकडे एक. तिथे पंधरा दिवसांत तुळस वाळली. टपालकचेरीत चार, आणि त्या कुंड्यांवर आता फुलपाखरूसुद्धा याच फुलावर बसतं, दुसरी फुलंच उरली नाहीत."

साहेब थक्क झाले. त्यांनी खिशातून कागद काढून तिला पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगायला लावलं.

दुसऱ्या दिवशी सभागृह खच्चून भरलं होतं. भाषण अप्रतिम झालं. टाळ्या थांबेनात. कुरण अधिकारी व्यासपीठावरच होते, अगदी साहेबांच्या डोळ्यांसमोर.

"अहो," माइकवरून बायको म्हणाली, "ती कुंडी जरा अजून वर धरा. मागच्यांना दिसत नाहीये."