पूजेला बसलेला लॅपटॉप

दसऱ्याला लॅपटॉपची पूजा करायची ठरली, तेव्हा मी फक्त एवढंच ठरवलं की ती झाकण उघडून करायची. पुढचं सगळं त्या झाकणामुळे झालं.

लॅपटॉप माझा नव्हे, माझा मेहुणा कुंदन याचा. गेमिंग लॅपटॉप. वजनाला पाट्यासारखा, आणि चालू केला की कीबोर्डखालून निळा उजेड येतो. कुंदन विंचूरहून शिकायला आमच्याकडे नाशिकरोडला आला आणि दिवसभर त्यापुढे बसू लागला. 'पोरगं नुसतं खेळतंय' हे माझे सासरे सावळीरामबापू यांचं मत. खरं म्हणजे तो खेळत नव्हता, खेळ बनवत होता. खड्ड्यांतून ट्रॅक्टर हाकत कांद्याची ट्रॉली मार्केटला न्यायची, कांदा सांडू द्यायचा नाही, असा खेळ. दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी पुण्याच्या एका कंपनीत त्याची मुलाखत होती आणि तिथे हाच खेळ चालवून दाखवायचा होता. (त्याची दुसरी प्रत होती का? नव्हती. हे नंतर सगळ्यांनी विचारलं.) या वेळी जमलं नाही तर गुमान घरी येऊन कांदा लावायचा, असं बापूंनी बजावलं होतं.

माझी बायको प्रतिभा म्हणाली होती, "अहो, वरून हळदकुंकू लावा, झेंडूचं फूल ठेवा आणि उठा." पण देवळाचं दार लावून कोणी पूजा करतं का? मी झाकण उघडलं. आठवले तेवढे मंत्र म्हटले, आठवले नाहीत तिथे आवाज वाढवला आणि कुंकवात भिजवलेल्या अक्षता मनापासून वाहिल्या. चांगल्या मूठभर. मेहुण्याचं कल्याण व्हावं असं मला खरंच वाटत होतं. मग फडक्याने सगळं स्वच्छ पुसून झाकण लावलं.

पूजेतल्या वस्तूला दिवसभर हात लावायचा नसतो. संध्याकाळी सोनं वाटून झाल्यावर कुंदनने लॅपटॉप सुरू केला. टीं टीं टीं टीं असा आवाज आला, काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली आणि गाडी तिथेच थांबली. बंद करून परत लावला, पुन्हा टीं टीं. कुंदनचा चेहरा उतरला.

"दाजींना दाखव ना," प्रतिभा म्हणाली.

"तर काय," सणाला आलेले बापू म्हणाले. "पाहुणं पॉवरहाऊसला हायेत."

मी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात आहे हे खरं, पण तिथे मी रजेचे अर्ज बघतो. हे सासरच्या मंडळींना कितीदा सांगितलं, पण त्यांना तो माझा विनय वाटतो.

"व्होल्टेज," मी म्हणालो.

"दाजी, स्क्रीनवर कीबोर्ड एरर लिहिलंय."

"तेच सांगतोय. आमच्या ऑफिसात पहिला मेमो ज्याच्या नावाने निघतो, त्याची चूक कधीच नसते."

मी फ्रिजचा प्लग काढून तिथे लॅपटॉप लावला. टीं टीं. टीव्हीचा स्टॅबिलायझर आणून जोडला. टीं टीं, वर स्टॅबिलायझरची घुं घुं. बॅटरी काढून पंख्याखाली वाळत घातली. मधल्या वेळात फ्रिजमधलं श्रीखंड पातळ झालं, तो हिशेब प्रतिभाने वेगळा केला.

शेवटी बापूंनी चहा बशीत ओतला आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या पाहुणं. नाय व्हायचं ते नाय व्हायचं. कुंदन, सकाळी माझ्यासंगं विंचूरला चल."

कुंदन मान खाली घालून बसला. मला फार वाईट वाटलं. तळाशी काही लिहिलंय का ते बघू, म्हणून मी लॅपटॉप उचलून तिरका केला, तर बापूंच्या बशीत टपकन तांदळाचा एक लाल दाणा पडला. मागोमाग दुसरा.

"हे काय म्हनायचं?" बापूंनी विचारलं.

कुंदनने लॅपटॉप उलटा धरून थोपटला. अक्षता पडू लागल्या. प्रतिभाने माझ्याकडे पाहिलं.

"आत वाहिल्यात तुम्ही?"

"थोड्या," मी म्हणालो.

उरलेल्या अक्षता मीच फडक्याने बटणांखाली सारल्या होत्या. त्या तिने सेफ्टीपिनने एकेक करून काढल्या आणि लॅपटॉप मुकाट्याने सुरू झाला. कुंदनने डोळे पुसले.

मग त्याने बापूंनाच खेळायला बसवलं. बापूंनी झकास ट्रॅक्टर हाकला. पण एका वळणावर हेल्मेट घातलेला, पोट सुटलेला एक माणूस रस्त्याच्या मधोमध आला आणि हातवारे करून वाट दाखवू लागला. बापू तो सांगेल तसे वळले आणि ट्रॉली आडवी झाली.

"ह्यो कोन?"

कुंदन चाचरत म्हणाला, "त्याचं ऐकायचं नसतं, बापू. माणूस चांगला आहे, मदत करायलाच येतो. पण ऐकलं की ट्रॉली उलटते."

बापूंनी स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे. "लय हुबेहूब काढलाय रं," ते म्हणाले. त्यानंतर विंचूरचा विषय निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून कुंदनचा फोन आला. नोकरी लागली. साहेबांना ट्रॅक्टर ठीक वाटला म्हणे, पण तो हेल्मेटवाला फार आवडला. म्हणजे नोकरी माझ्यामुळेच लागली, हे मी आठवडाभर शेजारीपाजारी सांगितलं.

दिवाळीत कुंदन घरी आला, तेव्हा मीही खेळायला बसलो. मला तर सगळं ठाऊक होतं. ट्रॉली छान चालली होती. तो वळणावर आला आणि हातवारे करू लागला. पण इतक्या खात्रीने सांगत होता, की मला वाटलं, या वेळी त्याचं बरोबर असेल.

ट्रॉली उलटल्याचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत गेला. "ऐकलंत ना त्याचं?" प्रतिभा आतूनच म्हणाली. "आता कळलं, आमचं कसं होतं ते?"