व्हॉल्व कुठे असेल असं तुम्हाला वाटतं?

गेल्या तीन वर्षांत मी कुणालाही एकही उत्तर दिलेलं नाही!

गैरसमज नको. मला उत्तरं येतात, पोतंभर येतात. पण मी विज्ञान संग्रहालयात काम करतो, जिथे प्रत्येक वस्तूला हात लावायचा असतो, आणि उत्तर न देणं हेच माझं काम. कुणी विचारलं, "पाणी गोल का फिरतं?" की आपण विचारायचं, "तुम्हाला काय वाटतं?" मग गप्प बसून मनातल्या मनात दहापर्यंत मोजायचं. तेवढ्यात समोरच्याचं डोकं चालू होतं. बरोबर म्हणायचं नाही, चूक म्हणायचं नाही. म्हणायचं, "अरे वा, बारकाईनं पाहिलंत!" समोरचा छोटा असेल तर गुडघ्यावर बसून त्याच्या डोळ्यांच्या पातळीला यायचं. या कलेत माझा हात धरणारा कुणी नाही. आमच्या फलकांवर 'उत्तरासाठी झाकण उचला' अशी झाकणं होती. मी त्यांच्याखालची उत्तरं खरवडून काढली आणि आणखी एकेक प्रश्न चिकटवला!

घरी या कलेची कदर नाही.

"गॅस बंद केलास का?" त्या दिवशी सकाळी बायकोनं विचारलं.

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, तू आज डब्याशिवाय जाशील."

गेलो.

हात लावा.

त्या दिवशी माझी नोकरी कायम व्हायची होती. तोवर कंत्राट सहा-सहा महिन्यांनी वाढत होतं, नको असलेल्या पाहुण्याच्या मुक्कामासारखं.

संचालक दारातच भेटले. "आज परीक्षक येणार. ओळख देणार नाहीत. साधे प्रेक्षक म्हणून फिरतील, प्रश्न विचारतील. तुमच्या तोंडून एक जरी उत्तर निघालं, तर कायम होणं विसरा."

"साहेब, अगदी निर्धास्त राहा!"

"तुम्ही असं म्हणालात की मला धडधडतं," म्हणत ते आत गेले.

मी पाण्याच्या दालनात पोचलो, तर छतातून पाणी ठिबकत होतं. थेंब थेट पाण्याचा भोवरा दाखवणाऱ्या काचेच्या नळकांड्याशेजारी. त्याच्यामागे एक लाल चाक आहे, तोच त्या छतातल्या पाइपाचा व्हॉल्व. रोज तो मीच उघडतो, मीच बंद करतो. हे लक्षात ठेवा, कारण यापुढे मी ते कुणालाही सांगणार नाही.

बंद करायला मी निघालोच होतो. तेवढ्यात थेंबाखाली एक बाई दिसल्या. खांद्याला पिशवी, हातात बॅटरी, नजर छताला.

"ही गळती कधीपासून आहे?"

माझी ट्यूब पेटली! साधा प्रेक्षक बॅटरी घेऊन येतो का? आणि कालपर्यंत वाळवंटासारखं कोरडं असलेलं छत नेमकं आजच गळतं? परीक्षकबाई! गळतीसुद्धा यांनीच लावलेली, माझी परीक्षा घ्यायला! काय ती कल्पकता! मी नळकांड्यामागे जाऊन लाल चाकाला पाठ टेकून उभा राहिलो.

"कधीपासून असेल, असं तुम्हाला वाटतं?"

"मला कसं कळणार? तुम्ही इथे काम करता ना?"

"अरे वा, बारकाईनं पाहिलंत!"

थेंबाची धार झाली.

"दादा, व्हॉल्व कुठे आहे?"

"कुठे असेल?"

"मी विचारतेय!"

"आणि तुम्हाला ते का विचारावंसं वाटलं, हा तर त्याहून छान प्रश्न आहे!"

बाई वाकून पाणी कुठे वाहतंय ते बघू लागल्या. मीही चटकन गुडघ्यावर बसलो, डोळ्यांच्या पातळीला. डबक्यात. बाई दोन पावलं मागे सरकल्या.

"दादा, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

इतक्यात समोरच्या बाकावरचे एक टक्कलवाले आजोबा उठून आले. "बाथरूम कुठे आहे हो?"

"सरळ जा, डावीकडे, दुसरं दार," मी मानसुद्धा न वळवता सांगून टाकलं. ऐन परीक्षेत कुठून कुठून येतात माणसं!

चाक फिरवा आणि वाट पाहा.

शेजारच्या दालनातून शाळेच्या सहलीची पोरं घुसली आणि धारेभोवती कडं करून उभी राहिली.

"सर, हे नवीन आहे?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"होऽऽऽ!"

मग काय! कुणी धारेखाली बादली धरली, कुणी टोपी धरली, कुणी बूट धरला. तो बूट कुणाचा होता हे अजून कळलेलं नाही.

"बाळांनो, तुम्हाला तरी व्हॉल्व दिसलाय का?" बाईंनी विचारलं.

"तो कसा असतो, मावशी?"

"चाकासारखा. फिरवायचा."

हे वाक्य आमच्या दालनात उच्चारायचं नसतं! आमच्याकडे चाकंच चाकं आहेत. कारंज्याला चाक, पंपाला चाक, पाणचक्कीला चाक. पोरं सुटली! कारंजं छताला भिडलं. पंप खाकरला. बाथरूमकडे जाणाऱ्या बोळातल्या, कधीच कुणी न फिरवलेल्या एका गंजक्या चाकालाही कुणीतरी लोंबकळलं आणि भिंतीतून पोटात गुडगुडल्यासारखा आवाज आला. फिरवायचं राहिलं एकच. लाल.

"मागे काय लपवलंय? व्हा बाजूला!" बाई पुढे सरसावल्या.

"माझ्यामागे काय असेल, असं तुम्हाला..."

धप्प! छताचा एक अख्खा चौकोन आमच्या दोघांच्या मध्ये पडला, आणि वर साठलेलं सगळं पाणी आमच्या दोघांच्या वर.

"अहो, मी प्लंबर आहे!" बाई किंचाळल्या. "तुमच्या साहेबांनी फोन करून बोलावलंय मला!"

आता जरा थांबा. अशा वेळी शहाण्या माणसानं काय केलं असतं? तुम्हाला काय वाटतं? मोजा दहापर्यंत.

मी म्हणालो, "असं तुम्हाला कशावरून वाटतं?"

बाईंनी पिशवीतून हातभर लांब पाना काढला. पुरावा भक्कम होता. मी मागे वळून लाल चाक बंद केलं.

धार थांबली. "अरेरेरे!" पोरं ओरडली.

"तुम्हाला माहीत होतं?" बाईंचा आवाज एकदम बारीक झाला. "इतका वेळ? त्यालाच टेकून?"

मी मनात मोजत राहिलो. दहा झाले, वीस झाले. या खेपेला डोकं चालू व्हायचं होतं ते माझं.

काय दिसलं? शेजाऱ्याला सांगा.

बाथरूमकडून आजोबा आले. कोपरापर्यंत साबणाचा फेस, दोन्ही हात ऑपरेशनला निघालेल्या डॉक्टरसारखे वर धरलेले.

"पाणी गेलंय," ते म्हणाले.

मागोमाग संचालक धावत आले. त्यांना डबकं दिसलं नाही, छताचं भोक दिसलं नाही. "परीक्षकसाहेब! कसा काय वाटला आमचा माणूस?"

मी प्लंबरबाईंकडे पाहिलं. प्लंबरबाईंनी छताकडे पाहिलं.

"मी यांना एकच प्रश्न विचारला," आजोबांनी फेसाळ बोट माझ्यावर रोखलं. "यांनी एका दमात उत्तर दिलं. मला विचार करायला जागाच ठेवली नाही."

"पण साहेब, ते बाथरूम..."

"प्रश्न तो प्रश्न."

"निदान उत्तर बरोबर होतं ना?" तीन वर्षांत पहिल्यांदा मी 'बरोबर' हा शब्द तोंडातून काढला.

"दार बरोबर होतं. नळ कोरडा होता. याला मी अर्धं उत्तर म्हणतो."

"तुम्हाला अर्धं तरी मिळालं!" प्लंबरबाई पदर पिळत म्हणाल्या.

घरी गेलो. बायकोनं दार उघडून मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"झालास का कायम?"

"तुला काय वाटतं?"

"थांब, टॉवेल आणते," ती म्हणाली.

उत्तरासाठी झाकण उचला.

त्या सहलीच्या पोरांना शाळेत विचारलं, सगळ्यात काय आवडलं? सगळी एका सुरात म्हणाली, गळकं छत! संचालकांनी त्याच प्लंबरबाईंना पुन्हा बोलावलं आणि नीट टाकी, पंप, कुंड बसवून गळती पुन्हा चालू करून घेतली. काम चाललेलं असताना मला दालनात यायला बंदी होती. तशी बाईंची अटच होती.

थोडक्यात, आम्हा दोघांपैकी कायम झाली ती गळती. मी अजून सहा-सहा महिन्यांवरच आहे, तिच्याच शेजारी उभा असतो. पण एकच चूक दोनदा करणाऱ्यांतला मी नव्हे! परवा एक काका घाईघाईनं आले आणि बाथरूम कुठे आहे म्हणून विचारू लागले. मी हसून म्हणालो, "तुम्हाला काय वाटतं?" आणि मोजायला लागलो.

काका चारपर्यंतसुद्धा थांबले नाहीत.