युनूसचाचांची मूठ

"बाई, जरा सरकून बसा की, बोटं दबाय लागल्यात माझी."

युनूसचाचा हे म्हणाले तेव्हा सोफ्यावर आमच्या दोघांच्या मध्ये काहीच नव्हतं. त्यांचा डावा हात कोपराखाली नाहीच. शिरोलीच्या एका फाउंड्रीत मशीनमध्ये सापडला आणि कापावा लागला, त्याला तीन वर्षं झाली. तरी मी सरकले. मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत सगळेच सरकतात. एकदा घरी आलेल्या माणसाला त्यांनी दारातच बजावलं, पावणं, बेतानं या, हातावर पाय पडंल. पावणं चहा न घेताच गेलं.

मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेली बाई. भुताखेतांना भीक घालत नाही. हात गेला तरी मेंदूत त्याचा नकाशा शाबूत राहतो, तुटलेल्या नसा उगाच निरोप धाडत राहतात आणि मेंदूला वाटतं हात आहेच, हे मी त्यांना वहीत चित्र काढून समजावलं. चाचांनी मन लावून ऐकलं. मग म्हणाले, त्या नकाशाला सांगा, करंगळी खाजवाय लागलीया.

पण एकदा ते माझ्याकडे पाठ करून पेपर वाचत होते. मी आपली गंमत म्हणून गरम चहाचा कप त्यांच्या डाव्या बाजूला, रिकाम्या हवेत धरला. भाजलं म्हणून चाचा कळवळले. त्यांनी वळूनही पाहिलं नव्हतं. घरी येऊन मी पुस्तकं उघडून कारण शोधत बसले. ते अजून सापडलेलं नाही.

खाज परवडली, मूठ वाईट. तो नसलेला हात कायम मूठ आवळून असायचा. कळा यायला लागल्या की चाचांच्या कपाळावर खराखुरा घाम फुटायचा. डॉक्टरांनी उपाय सांगितला होता. दोन्ही हातांच्या मध्ये आरसा उभा करायचा आणि त्यात उजवा हात पाहायचा. मेंदूला तो डावाच वाटतो. उजवी मूठ उघडली की डावीही सुटते. पण चाचा टाळत होते. आज पाहुणे आलेत, उद्या जुम्मा आहे. शेवटी मी वैतागले, घरचा आरसा भिंतीवरून काढून नेला आणि त्यांना समोर बसवलं.

त्यांनी उजवी मूठ हळूहळू उघडली. आरशातली डावी उघडली. चाचांचा चेहरा सैल पडला, कळ थांबली होती. मी शाबासकी देणार, तेवढ्यात ते म्हणाले, "गेली, बाई."

कोण, ते मग सांगितलं. हात कोपरापाशी चेचला होता, बोटं तेवढी धड होती. ऑपरेशनच्या दारापर्यंत चाचीनं ती बोटं घट्ट धरली होती. आत नेताना नर्सनं सोडवली. चाचा शुद्धीवर आले तेव्हा हात नव्हता, पण मूठ होती, आणि मुठीत चाचीची बोटं. चाची गेल्या वर्षी वारली. बोटं मात्र मुठीतच होती, मी आरसा आणेपर्यंत.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढचे आठ दिवस चाचा आरशासमोर बसून उजवी मूठ पुन्हा पुन्हा आवळत होते. डावी काही वळेना. मी रोज जाऊन शेजारी बसायची. चाचा मला सरकायला सांगत नव्हते.

नवव्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात उभे. कपाळावर घाम, आणि तोंडभर हसू.

"बाई, दुखाय लागलं की."

मी चहा ठेवला. चाचा आत येऊन सोफ्यावर बसले. ते काही सांगायच्या आधीच मी सरकले, मध्ये आणखी एक माणूस बसेल एवढी.