यशवंतकाका पलीकडे राहायला गेले

काशीत ब्रह्माघाटाजवळच्या आमच्या गल्लीत दारं फक्त झोपताना लावतात. एरवी कुणीही कुणाच्या घरात शिरतं, माठातलं पाणी पितं, चहा मागतं. अशा गल्लीत यशवंतकाकांनी भर दिवसा दाराला आतून कडी घालायला सुरुवात केली. कुणी दार वाजवलं की ते वरच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारत, "अफ्स्प्राक आहे का?"

अफ्स्प्राक म्हणजे डच भाषेत आधी ठरवून घेतलेली वेळ. ती नसेल तर खिडकी बंद व्हायची. दूधवाल्या रामधनीलाही त्यांनी हेच विचारलं, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "काका, पहिले भैंस से टाइम ले लें, फिर आपको बताएँगे."

काका आमचे नात्यातले नव्हेत, समोरच्या घरातले. घराणं वैदिकांचं, पण हे स्वतः रेल्वेच्या कचेरीत चिकटले आणि तिथूनच रिटायर झाले. एकुलती एक मुलगी मंजिरी लग्नानंतर नवऱ्याबरोबर हॉलंडमधल्या डेल्फ्ट नावाच्या गावी गेली. तिला जुळं झालं, तेव्हा काका आणि कमलकाकू सहा महिन्यांसाठी म्हणून तिकडे गेले. कागदपत्रांची काय खटपट जावयानं केली कोण जाणे, पण सहा महिन्यांची आठ-नऊ वर्षं झाली. मग एका हिवाळ्यात काकू छातीच्या दुखण्यानं तिथंच गेल्या. काही महिन्यांनी काका परत आले, एकटे, एक बॅग घेऊन. आले ते असे, दाराला कडी लावणारे.

आत जायला मिळालं तरी पाहुणचाराचे वांधेच असत. काका स्वतः कॉफी करत, बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडून पुढे करत. तुम्ही एक बिस्किट घेतलंत की झाकण बंद. त्यांचे चुलतभाऊ विनायकभट घाटावर श्राद्धं-पक्ष चालवतात. देहानं भरभक्कम, खाण्याचे शौकीन. त्यांचा दुसऱ्यांदा पुढे गेलेला हात झाकणावर आपटला.

"तिथं एकच घेतात," काका म्हणाले.

"अरे यशवंता, पिंडसुद्धा तीन असतात," विनायकभट म्हणाले.

काकांच्या तोंडी एक शब्द सारखा असायचा, 'लेकर'. डचमध्ये त्याचा अर्थ छान, चविष्ट. कचोरीवाल्याकडे उभं राहून काकांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटून म्हणाले, "लेकर." कचोरीवाला हातातला झारा थांबवून वाट बघत राहिला. शेवटी न राहवून त्यानं विचारलं, "क्या लेकर, काका? आगे तो बोलिए."  पुढे सांगण्याजोगं काही नव्हतंच.

माझ्या आईला पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली तेव्हा ते वेळेवर आले. आईला नमस्कार केला आणि मग एकेकाचा हात हातात घेऊन अभिनंदन करत सुटले. मला म्हणाले, "अनंता, आईबद्दल अभिनंदन." माझ्या बायकोला, "मेधा, सासूबद्दल अभिनंदन." मोलकरणीला, "मालकिणीबद्दल अभिनंदन." ती बिचारी घाबरून मेधाकडे बघायला लागली. नंतर काकांनी भिंतीकडेच्या खुर्च्या ओढून गोल मांडल्या आणि त्यातल्या एकीवर बसून राहिले. तिकडे वाढदिवसाला घरच्या सगळ्यांचंच अभिनंदन करतात आणि असेच गोलात बसतात म्हणे. आमच्याकडची माणसं उभ्याउभ्या खाऊन, गप्पा मारून पांगली. काका मात्र रिकाम्या खुर्च्यांमध्ये पाऊण तास बसले होते. ते मला बघवेना, म्हणून मी जाऊन शेजारी बसलो. 

रामधनीला नातू झाला, तेव्हा काकांनी टोस्टवर लोणी फासून त्यावर रंगीत बडीशेपेच्या गोळ्या पेरल्या आणि ताट घेऊन गल्लीभर वाटत फिरले. बाळ जन्मलं की डेल्फ्टला हेच देतात. रामधनीची म्हातारी आई लाडवाच्या आशेनं ताटावरचं फडकं उचलून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ई का? केहू के पेट खराब बा का?" टोस्ट आमच्याकडे पोट बिघडलं की खातात.

आमची लेक ऋचा बारावी पास झाली, तेव्हा तिचं दप्तर मागून नेऊन त्यांनी आपल्या खिडकीतून काठीला बांधून बाहेर टांगलं. पोर पास झाल्याचं तिथं असं गावाला कळवतात. आमच्या गल्लीत ते माकडांना आधी कळलं. दप्तर देवळाच्या कळसाजवळ गेलं आणि संध्याकाळपर्यंत रसायनशास्त्राची पानं खाली येत राहिली. ऋचा हसून हसून लोळली. "छोड़ो ना बाबा, कितने क्यूट हैं," म्हणाली. काका खिडकीत उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. एखादं सोपवलेलं काम बिघडलं की माणूस दिसतो तसे ते दिसत होते.

गल्लीनं त्यांना डचकाका नाव ठेवलं आणि हसण्यावारी नेलं. फक्त काकूंबद्दल ते एक अक्षर बोलत नसत. कुणी विषय काढला तर हवेबद्दल बोलायला लागत. आज धुकं आहे, उद्याही असेल.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा विनायकभट आधी वेळ घेऊन आले. मलाही काकांनी बोलावलं होतं. कॉफी झाली. विनायकभटांनी तिथी काढली, कोण ब्राह्मण सांगायचे ते ठरलं. मग उठता उठता त्यांनी सहज विचारलं, "अस्थी कुठं सोडल्यास रे? येताना संगमावर की इथंच? मला कसं कळवलं नाहीस?"

काका कप विसळत होते. पाठमोरेच म्हणाले, "डेल्फ्टला. गावाबाहेरच्या कालव्यात. जावयानं रीतसर विचारून घेतलं होतं."

विनायकभट पुन्हा खाली बसले. "कालव्यात?"

"हो."

"यशवंता, साऱ्या मुलुखातून माणसं अस्थी घेऊन इथं येतात. तामिळनाडूतनं येतात, नेपाळातनं येतात. रोज मी त्यांच्या हातात दर्भ देतो. आणि दोन गल्ल्या पलीकडे जन्मलेली आपल्या घरची सून तू परदेशात कालव्यात टाकलीस? कुणाला विचारून?"

"तिला विचारून."

 विनायकभट रागावले आहेत असं मला वाटलं. मग डोळ्यांत पाणी दिसलं. "तिच्या हातचं जेवून मी वेद शिकलो," एवढंच म्हणून ते जिना उतरून गेले. वर्षश्राद्धाला ते आले नाहीत, आणि ते नाहीत म्हटल्यावर दुसरंही कुणी आलं नाही. काकांनी एकट्यानं जसं आठवलं तसं केलं. माझी आईसुद्धा म्हणाली, "कमल माझी मैत्रीण. असं टाकून येतात का माणसाला?" त्यानंतर समोरचं दार कुणी वाजवेना. काकांनी कडी काढून ठेवली तरी वाजवेना.

पंधरवड्यानं मीच गेलो. काका अंधारात बसले होते. दिवा लावला तेव्हा म्हणाले, "तूही विचारणार असशील."

"नाही. चहा करायला आलोय," मी म्हणालो.

चहा पिता पिता त्यांनीच सुरुवात केली. काकू अठराव्या वर्षी या घरात आल्या. घरात शिकायला राहिलेले विद्यार्थी, सासू-सासरे, आले-गेले पाहुणे. पहाटे गंगेवरून ओलेत्यानं यायचं आणि चुलीपाशी उभं राहायचं. दुपारी जरा पाठ टेकली की खालून हाक यायची. वहिनी, चार माणसं आहेत. काकू, पाणी. काका म्हणाले, "मीही हाक मारणाऱ्यांतलाच. मला वाटायचं, तिला आवडतं. कधी तोंड वाकडं केलं नाही तिनं."

डेल्फ्टला काकू साठीला आल्या असताना सायकल शिकल्या. परदेशातून आलेल्या बायकांसाठी तिथं वर्ग होता. बरोबरीला तुर्की बायका, मोरोक्कोच्या बायका. काकू नऊवारीवरून सहावारीवर आल्या होत्या, तिथून पंजाबी ड्रेसवर आल्या. पहिल्या आठवड्यात एका झुडपात पडल्या आणि तिथंच बसून हसत राहिल्या. काका त्यांना उठवायला धावले, पण मध्येच थांबले. "लग्नाला चाळीस वर्षं झाली होती अनंता, आणि ती एवढ्या मोठ्यानं हसते हे मला माहीतच नव्हतं."

मग काकू गुरुवारच्या बाजाराला एकट्या जायला लागल्या. कालव्याकाठी बाकावर एल्स नावाच्या म्हातारीशेजारी बसायच्या. हिला डच येईना, तिला मराठी येईना. दोघी पाण्याकडे बघत तासभर बसत आणि उठताना एकमेकींचा हात दाबत. तिथल्या रीतीभातींतली काकूंना सगळ्यात कुठली आवडली असेल, तर ही ठरवून येण्याची. अवेळी कुणी येत नाही, कुणासाठी धावत उठावं लागत नाही. एक बिस्किट दिलं तरी कुणी नावं ठेवत नाही. त्या म्हणायच्या, "इथं मी झोपले तर झोपलेलीच असते."

"दवाखान्यात शेवटी मी तिला म्हटलं, तुला काशीला नेतो," काका म्हणाले. "तर म्हणाली, नका नेऊ. तिथं नेलंत तर मेल्यावरही मला कुणीतरी पाणी तापवायला उठवील."

काकांनी कप खाली ठेवला. "विनायकाला हे कसं सांगू? त्याच्या जेवणाबद्दल बोलल्यासारखं होईल."

मी विचारलं, "मग तुम्ही का परत आलात काका?"

"भीती वाटली. आमच्या घराण्यात कुणी काशीबाहेर मेलं नाही. ती धीट होती, मी नाही."

मला वाटलं, बोलून मोकळे झाले, आता सावरतील. पण होळी झाल्यावर एक दिवस गल्लीत हातगाडी उभी राहिली. काका वरून सामान खाली आणत होते. रामनगरला, गंगेच्या पलीकडे, त्यांनी एक खोली भाड्यानं घेतली होती.

इथं एक सांगायला हवं. काशीत मरणाऱ्याला मोक्ष मिळतो, हे आमच्याकडचं लहान पोरही जाणतं. त्याबरोबर हेही सांगतात, की पलीकडच्या काठावर मेलं तर मोक्ष तर नाहीच, वर पुढचा जन्म गाढवाचा. त्यामुळे म्हातारपणी माणसं पलीकडून अलीकडे येतात. अलीकडून पलीकडे जाणारे काका पहिलेच. गल्लीला हसायला आयतं कारण मिळालं. डचकाका गदहा बनने चले, असं रामधनीच्या पोरांनी गाणं केलं.

मी महिनाभरानं रामनगरला गेलो. निघताना विनायकभट कोपऱ्यावर भेटले. कुठं चाललास ते त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "पलीकडे वाळूवरून वारा येतो. यशवंताला ज्या कानानं कमी ऐकू येतं, त्या कानाला तो सोसत नाही. कानटोपी आहे का बघ." आणि घाटाकडे वळले.

काकांची खोली एका कुंभाराच्या घरावर होती. तब्येत उतरली होती. आधी ताप येऊन गेला म्हणे. मी म्हटलं, "फोन करायचा. मी येऊन शहरातल्या हॉस्पिटलात नेलं असतं."

"बरं होण्याची खात्री असती, तर केला असता."

मग मी सरळच विचारलं, की हे काय चाललंय. काका खिडकीतून नदीकडे बघत होते. समोर अख्खी काशी दिसत होती, अंगावर ऊन घेऊन बसल्यासारखी.

"शास्त्र खरं आहे असं मी धरून चाललोय," ते म्हणाले. "आता या वयात ते खोटं धरता येत नाही. खरं असेल तर काशीत मेल्यावर मी सुटलो. पुन्हा जन्म नाही, काही नाही. ती मात्र डेल्फ्टला गेली. तिला मोक्ष नाही, म्हणजे ती कुठंतरी जन्म घेणार. घेतलाही असेल. मग आमची गाठ कधीच पडायची नाही. मंजिरीला सांगितलं तर ती फोनवर रडायला लागली, म्हणून तुला सांगतो."

"आणि गाढव झालात तर?"

"मोक्ष मिळाला तर मी कुठंच नसेन. गाढव झालो तर निदान कुठंतरी असेन."

मला हसू आलं नाही. त्यांनाही ते हसण्यासाठी म्हणायचं नव्हतं. खाली कुंभार माती तुडवत होता, त्याचा आवाज येत होता.

चार वाजता ते मला सोडायला नदीपर्यंत आले. काशीच्या अस्सी घाटाला जाणारी नाव भरत आली होती. मी विनायकभटांचा निरोप सांगितला.  काका म्हणाले, "त्याला सांग, आहे. तिनंच विणलेली आहे." नावाड्यानं त्यांचा हात धरून म्हटलं, "आइए काका, आप भी घूम आइए उस पार. आधे घंटे में लौटा देंगे."

काकांनी हात सोडवून घेतला. "नहीं भैया," ते म्हणाले, "सत्तर पार कर चुके हैं. उधर गए और कुछ हो गया तो क्या करेंगे?"

नाव सुटली. पाण्याला ओढ होती, काठ भराभर मागे गेला. काका वाळूवर उभेच होते. वारा चांगलाच सुटला होता. नाव मधल्या धारेला लागेपर्यंत ते मला दिसत होते.